मनिऑर्डरचा जिल्हा

पंचावन्न सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, खाडीपासून तासाभराच्या चालीवर. महिन्याच्या बारा-तेरा तारखेच्या सुमारास खाकी डगल्यातला पोस्टमन पाणंदीतून वर येताना दिसला, की वाडीतल्या साऱ्या बाया हातातले काम टाकून ओटीवर येत. तो लांबूनच ओरडे,

“वैनी, आली गो मनिआडर!”

मग पडवीत घोंगडी अंथरली जाई. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे येई. पोस्टमन पिशवीतून शाईची डबी काढी, आईच्या अंगठ्याचा ठसा घेई, शेजारच्या मास्तरांची साक्षीला सही घेई आणि वीस रुपये मोजून तिच्या पदरात टाकी. पण खरी मौज त्यापुढची. मनिऑर्डरीच्या फॉर्माला खाली एक छोटे कूपन असे. त्यावर बाबा दोन ओळी लिहीत. ते कूपन पोस्टमन मोठ्याने वाचून दाखवी. “प्रकृती बरी आहे. वाण्याचे देऊन टाकावे. बैलास पेंड घालावी.” इतकेच! पण त्या दोन ओळी आई महिनाभर पुरवून वापरी.

वीस रुपयांची व्यवस्था अंगठ्याची शाई वाळण्याआधीच झालेली असे. आठ रुपये वाण्याला, दोन माझ्या शाळेला आणि वह्यांना, तीन गेल्या वर्षीच्या लग्नाच्या कर्जापोटी, आणि उरलेले मीठ-मिरची, रॉकेल नि आजीच्या औषधाला. त्यांतून जमिनीत घालायला एक दमडीसुद्धा शिल्लक राहत नसे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. आमच्या जिल्ह्याचे सगळे अर्थशास्त्र तिच्यात आले.

भात पुरे होळीपर्यंत

आमच्या जिल्ह्याला निसर्गाने काय दिले नाही? वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पाठीशी सह्याद्री, पुढ्यात समुद्र. पण सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांत अंतर जेमतेम पंधरा-वीस कोसांचे. चार महिने कोसळलेले पाणी उतारावरून धावत सुटते आणि समुद्राला जाऊन मिळते. एप्रिल उजाडला की त्याच मुलखातल्या बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. वर जांभा दगडाचा काळाकभिन्न कातळ, मधे नाचणी-वरीपुरती वरकस जमीन आणि खाली खाचरांच्या अरुंद पायऱ्या. भाताचे एकच पीक. आमच्या घरचे भात होळीपर्यंत पुरे. पुढे नाचणी, आणि तीही सरली की वाणी.

त्यात भर खोतीची. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. कुळाने राबावे आणि धान्याचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवावा, अशी रीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. तेव्हा खोती म्हणजे काय, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नसावे. कायद्याने खोती गेली ती १९४९ साली. तोवर कोकणी माणसाने आपला मार्ग शोधून ठेवलेला होता. त्या मार्गाचे नाव मुंबई.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि गिरण्यांच्या भोंग्याला हाक देऊन सर्वांत आधी धावला तो आमचा जिल्हा. १९११ सालच्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. एका शहराच्या मुख्य धंद्याला एकाच जिल्ह्याने एवढी माणसे पुरवावीत, ही सामान्य गोष्ट नव्हे. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. १ मे १९८१ रोजी त्यातून सिंधुदुर्ग वेगळा निघाला.) पुरुष मुंबईला आणि बायका, पोरे व म्हातारी माणसे गावी, अशी आमच्या संसाराची मांडणी होऊन गेली. दर महिन्याला मनिऑर्डर आणि दर वर्षी गणपतीला किंवा शिमग्याला प्रत्यक्ष माणूस!

पावसाळ्यात बोटी बंद. दसऱ्यानंतर भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे आणि बंदरे घेत घेत मुसाकाजीला येई. बोट खोल पाण्यात उभी राही. तिथून होडीत उतरायचे. बाबा ट्रंक डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून येताना दिसले, म्हणजे आमची दिवाळी.

घर चालवले कोणी?

शहरातल्या लोकांची अशी समजूत असते, की कमावता पुरुष मुंबईत, म्हणजे घर चालवणाराही तोच. माझ्या आईला कोणी तसे म्हटले असते तर ती हसली असती. राब भाजणे, लावणी, कापणी, झोडणी, गुरे, सासूची आजारपणे, सोसायटीचे कर्ज, बांधावरची भांडणे, राजापूरच्या कचेरीतली हेलपाट्यांची कामे हे सारे तिनेच केले. खाचराचा बांध फुटला तेव्हा भर पावसात रात्री कंदील घेऊन ती आणि माझी आजी दगड रचीत होत्या. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नव्हते. त्या वर्षी बाबांच्या कूपनावर ओळ होती, “बांध नीट घालून घ्यावा.” तोवर तो घालून पंधरवडा झाला होता!

अगदी अलीकडच्या, म्हणजे २०११ सालच्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या. देशात बहुतेक ठिकाणी स्त्रियांचे प्रमाण कमी म्हणून चिंता वाहतात. आमच्याकडे ते अधिक. याचा अर्थ आमच्याकडे मुली जास्त जन्मतात असा नव्हे. आमच्याकडचे पुरुष मोजायला घरी सापडत नाहीत, एवढाच.

बाराव्या वर्षी बाबांनी मलाही लालबागच्या खोलीत नेले. एका खोलीत आम्ही नऊ जण, सगळे एकाच गावचे. पाळीप्रमाणे झोपायचे आणि पाळीप्रमाणे उठायचे. मी शिकलो, एका कचेरीत कारकून झालो. धाकटा भाऊ बाबांच्या जागी गिरणीत लागला. आता मनिऑर्डरी दोन जाऊ लागल्या. गावचे घर कौलारू झाले, पडवीत बाकडे आले. जमीन होती तिथेच आणि होती तशीच राहिली.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. दत्ता सामंतांच्या सभांना माझा भाऊ नियमाने जाई. “दादा, दिवाळीपर्यंत मिटतंय बघ,” असे तो मला म्हणाला. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. तो विरून गेला आणि त्याच्याबरोबर हजारोंच्या नोकऱ्याही. भाऊ बायको आणि दोन वर्षांचा मुलगा घेऊन गावी परतला.

त्या वर्षी आमच्या वाडीत पोस्टमन येई तो पत्रे घेऊन. वर्षानुवर्षे ज्या शेतीला आम्ही कमी लेखीत आलो होतो, तिनेच संपकऱ्यांना दोन वेळचा भात घातला. पण शंभर वर्षे मुंबईच्या पैशावर उभा राहिलेला जिल्हा त्या पैशाविना चालणार कसा, हा प्रश्न घरोघर येऊन बसला. कारण या पैशातून गावात एखादा कारखाना उभा राहिला नव्हता, धरण बांधले गेले नव्हते, की पाण्याची टाकीसुद्धा झाली नव्हती. आला तो पैसा पोटात गेला, आणि पोट काही साठवून ठेवीत नाही.

कातळावरची कलमे

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबागा लावण्याची योजना काढली. लागवडीचा खर्च सरकार देणार. भावाने ठरविले, की घरामागच्या कातळावर हापूसची कलमे लावायची. लोक हसले. कातळावर गवत उगवत नाही, तिथे आंबा? पण त्याने सुरुंग लावून खड्डे पाडले, खालच्या मळ्यातून डोक्यावरून माती वाहून ती त्यांत भरली, आणि पहिले चार उन्हाळे भावजयीने विहिरीवरून कळशा वाहून एकेक रोप जगवले. सातबाऱ्यावर तेव्हा पाचच नावे होती. पाचही चुलते-पुतणे एका संध्याकाळी ओटीवर बसले, चहा झाला आणि संमतीच्या सह्या झाल्या. एवढे ते सोपे होते!

कलमे धरू लागली तेव्हा कोकण रेल्वे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी ती सर्व मार्गावर धावू लागली. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा तिचा उंच पूल पाहिला, की बोटीतून ट्रंक डोक्यावर घेऊन उतरणारे बाबा मला आठवतात. गाडीचा एक चमत्कार मात्र कोणी सांगितला नव्हता. गाडी माणसे गावी आणील असे आम्हांला वाटले होते. तिने ती आणलीही, पण गणपतीपुरती. आणि नेली मात्र कायमची. २००१ सालच्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत वाढायची ती घटली! त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच : मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. मुंबई शहराचे लोक जागेच्या किमतीमुळे उपनगरांत पांगले. आमचे लोकही तिथेच जाऊन त्यांना भेटले.

आता आंब्याचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगतो. कारण तुम्ही पेटी उघडून वास घेता, तेव्हा तिच्यामागचा हिशेब कोणी तुमच्यापुढे मांडीत नाही. पावसाळ्यानंतर कलमांची साफसफाई, मोहोर आला की फवारण्या, वानर-माकडांपासून राखण, चौदा आणे तयार झालेले फळ झेल्याने अलगद उतरविणे, पेंढा घालून पेट्या भरणे, ट्रकचे भाडे. एवढे सारे करून बागायतदार माल वाशीच्या बाजारात धाडतो तो भाव न ठरविताच! काही दिवसांनी व्यापाऱ्याकडून हिशेबाचा कागद येतो. त्याला पट्टी म्हणतात. पट्टीत जे लिहिले असेल ते आपले. शिवाय मोहोराच्या दिवसांत औषधांसाठी त्याच व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचललेली असते. त्यामुळे माल दुसऱ्याला घालता येत नाही. एकाला खोताचा वाटा चुकला नाही, दुसऱ्याला पट्टी चुकत नाही.

त्यावर निसर्गाची मर्जी. मोहोरावर अवेळी पाऊस झाला की संपले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ऐन तोडणीच्या तोंडावर बागांतले आंबे जमिनीवर अंथरले. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या फळालाच लावता येईल असे ठरले, हे चांगले झाले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार अडले, तेव्हा कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांत थेट पेट्या पोचविल्या आणि भाव आपणच सांगायची चव त्यांनी पहिल्यांदा घेतली. माझा पुतण्या त्यांतलाच एक. भाऊ आता नाही. बाग पुतण्या पाहतो.

उलटी मनिऑर्डर

दोन वर्षांमागे मी मार्च महिन्यात गावी गेलो होतो. बागेत झेला चालविणारी चारही माणसे नेपाळची. एक जोडपे आणि दोन तरुण मुले. दिवाळीनंतर ती येतात, बागेतल्या खोपीत राहतात, राखण-फवारणी-तोडणी सारे करतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. रत्नागिरी-राजापूरच्या बागांतून अशी हजारो माणसे आहेत. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छिमार नौकांवरही खलाशी म्हणून तीच. आमची मुले झेला धरायला तयार नाहीत असे म्हणतात. तयार नाहीत हे खरे. पण ती गावात आहेत तरी कुठे?

त्या जोडप्यातल्या बाईने मला चहा दिला. मी विचारले, “मुले कुठे असतात?”

“गावी. सासूजवळ. दोन आहेत, काका,” ती मोडक्या मराठीत म्हणाली.

“पैसे कसे धाडता?”

तिच्या नवऱ्याने खिशातून मोबाईल काढून दाखविला. रत्नागिरीत एका दुकानातून पैसे पाठवितात; संध्याकाळपर्यंत घरी पोचल्याचा निरोप येतो. त्याच्या मोबाईलवर बायकोच्या सासूचा आवाज होता. त्याने तो मला ऐकविला. भाषा मला कळली नाही. मी अर्थ विचारला तेव्हा तो म्हणाला, “म्हणते, पैसे मिळाले. म्हैस व्याली. छपराला पत्रे घालायचे आहेत.”

वाचकहो, मी खाली बसलो. बाबांचे कूपन मला सत्तर वर्षांनी दुसऱ्या भाषेत ऐकू आले होते.

नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याएवढा पैसा परदेशी राबणाऱ्या माणसांकडून येतो. आमचा जिल्हा जसा मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगला, तसा तो अख्खा देश. आणि आता मनिऑर्डर धाडणारे आम्ही झालो! यात आनंद मानावा की काय, हे मला ठरविता येईना. डोंगरउतारावरच्या त्या खेड्यातही एक म्हातारी आणि तिची सून असेल, आणि बांध फुटला की त्यांनाच रात्री कंदील घेऊन जावे लागत असेल.

आपल्याकडची ती जुनी मनिऑर्डर मात्र राहिली नाही. १८८० साली टपालखात्याने सुरू केलेली ही सेवा, कागदी फॉर्म आणि कूपन यांसह, २०१५ साली बंद झाली. तिची जागा घेणारी यंत्रे जलद आहेत. ती गुळाचा खडा मागत नाहीत.

सदतीस नावे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हा लेख लिहायला बसलो तो तिच्यासाठीच.

पुतण्याला बागेत विहीर आणि पंप हवा आहे, आणि आंबा पिकविण्यासाठी एक खोली बांधायची आहे. माल कच्चा बाजारात न धाडता पिकवून, पेट्या भरून थेट गिऱ्हाइकाला द्यावा, असा त्याचा बेत. बेत शहाणपणाचा आहे. बँक कर्ज द्यायलाही तयार आहे. अट एकच : जमीन सामायिक आहे, तेव्हा सर्व हिस्सेदारांची संमती आणा.

आम्ही सातबारा काढला. सदतीस नावे! १९९० साली होती ती पाच. त्यांच्या मुलामुलींची, नातवंडांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे वारसाने चढत गेली. त्यांतली नऊ माणसे कैलासवासी झालेली. त्यांच्या वारसांची नोंदच नाही. हयात अठ्ठावीस जणांपैकी गावात राहतात किती? दोन. एक पुतण्या आणि दुसरी आमची चुलत वहिनी, वय वर्षे ब्याऐंशी.

गेल्या हिवाळ्यात मी आणि पुतण्या सह्या गोळा करायला निघालो. दर रविवारी एक उपनगर. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, बदलापूर. आमचा राजापूर तालुका खरा कुठे पसरला आहे, ते मला या वयात कळले! प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात भिंतीवर गावच्या देवाचा फोटो, आणि प्रत्येक घरात तोच प्रश्न : “काका, सही केली तर आमचा हिस्सा जाईल का?”

एका घरी पुतणसून म्हणाली, “आम्हांला जमीन कुठे आहे तेसुद्धा ठाऊक नाही हो. पण परवा एक दलाल आला होता. कातळाला चांगला भाव देतो म्हणाला.”

मी तिला रागावू शकलो नाही. तिच्या मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. आणि खरे सांगायचे तर तिला ती जमीन आम्हीच कधी दाखविली नव्हती. गणपतीला आम्ही गावी जातो, आरत्या करतो, मोदक खातो आणि पाचव्या दिवशी परत फिरतो. कातळावर कोण जातो?

मी तिला समजावून दिले ते असे. संमती देणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त असतो, त्याची नोंदणी करावी लागते. तो कोणी पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करू नये, अगदी मी पुढे केला तरीसुद्धा! आणि प्रत्येकाला आपला तुकडा वेगळा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली सहहिस्सेदारांना एकमताने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. भांडण नसेल तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण त्याआधी मृतांच्या वारसनोंदी करून घ्यायला हव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते केले नाही तर दरवर्षी अधिक कंटाळवाणे होत जाते. सदतीसांची पुढच्या पिढीत शंभर नावे होतील. मग ती जमीन कोणीच कसणार नाही आणि कोणीच सोडणार नाही. तिच्यावर फक्त दलालाचे लक्ष राहील.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “काका, उन्हाळ्यात पोरांना घेऊन येते. आधी दाखवा आम्हांला. मग सही करीन.”

ती खरोखर आली. मे महिन्यात दोन मुलांना घेऊन कातळावर चढली. नेपाळी बाईने मुलांना झेला कसा धरायचा ते दाखविले. धाकट्याने चार आंबे उतरविले आणि दोन पाडले. परतताना तिने ओटीवर बसून सही केली. ती एकोणिसावी. अजून नऊ हयात माणसांच्या सह्या राहिल्या आहेत, आणि नऊ मृतांच्या वारसनोंदी व्हायच्या आहेत.

हा अंक हाती घेऊन वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव कोकणातल्या, नाहीतर घाटावरच्या, कुठल्या तरी सातबाऱ्यावर असेल. तिथे कोणी पुतण्या, कोणी वहिनी, कोणी चुलतभाऊ तुमच्या एका सहीवाचून अडलेला असेल. शंभर वर्षे आपण त्या घरांना पैसे धाडले आणि त्याबद्दल आपल्याला फार मोठे वाटत आले. ते पैसे आता त्यांना पूर्वीसारखे लागत नाहीत. तो उतारा एकदा काढून पाहा, नावे मोजा, आणि दिवाळीच्या सुटीत जमल्यास त्या जमिनीवर जाऊन या.

आम्ही भाऊबीज झाली की बदलापूरला निघणार आहोत. तिथे दोन सह्या आहेत.